गळतीकाका आणि कोरडं टाकं

भिंतीला कान असतात असं सगळेच म्हणतात; पण भिंतीला कान लावून बसणारे गृहस्थ त्या गावात एकच होते. त्यांना सगळे गळतीकाका म्हणत. खरं नाव कागदोपत्री होतं आणि कागदोपत्रीच राहिलं. चाळीस वर्षं त्यांनी नळ बसवले, टाक्या जोडल्या, तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या, पण नाव झालं ते गळती शोधण्यात. कुणाच्या छताला ओल यायची, कुणाच्या जिन्याखालची भिंत फुगायची. चार कारागीर येऊन चार ठिकाणी फरशी फोडून जायचे आणि ओल आपली जागच्या जागी. मग गळतीकाकांना बोलावणं जायचं. ते यायचे, लांब पेचकसाचं टोक भिंतीला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "दहा मिनिटं कुणी बोलू नका." दहा मिनिटांचा कधी तास व्हायचा. शेवटी ते उठून भलत्याच खोलीत जायचे आणि तिथल्या फरशीवर खडूने फुली मारायचे. तेवढी एकच फरशी काढायची. फुटकी नळी तिथंच असायची.

एकदा एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्यांनी असाच कान लावला होता. बाई हसून म्हणाल्या, "काका, तुमचं-आमचं काम एकच की! फक्त माझा पेशंट कुठं दुखतंय ते सांगतो तरी."

"भिंत पण सांगते," काका म्हणाले, "पण खोटं सांगते. ओल दिसते तिथं गळती कधीच नसते."

साठी उलटली आणि काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मोरीखाली वाकलं की उठता येईना. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली आणि काका पलंगावर बसले.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताई शाळेच्या कचेरीत पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं आपापल्या संसारात दूर. काकांच्या लग्नाचं राहून गेलं होतं. कारण विचारलं की सांगायचे, "रविवारी कुणाला तरी भेटायला जायचं ठरायचं, आणि लोकांचे नळ नेमके रविवारीच फुटायचे." वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत या बहीण-भावाचं बिऱ्हाड होतं आणि काका कामावर जात होते तोवर ते सुखाचं होतं. पण रिकामा माणूस घरात म्हणजे घराला शिक्षाच. काकांनी स्वयंपाकघरातला नळ तीनदा खोलून जोडला. न्हाणीघरातला उतार चुकलाय असं म्हणून ते आठवडाभर तिथं पाणसळ घेऊन बसले. एके सकाळी ताई दात घासायला गेली तर बेसिनखालची नळी जागेवर नव्हती आणि पाणी सरळ तिच्या पायांवर.

त्याच दिवशी ताईने सहलीची दोन तिकिटं काढली. समुद्रातला किल्ला, एका दिवसात जाऊन परत.

"मी किल्ल्यावर जाऊन काय करू?" काका म्हणाले.

"समुद्र बघ. तो तरी कुठून गळत नाही."

किल्ला समुद्रात शिरलेल्या एका खडकावर होता. किनाऱ्यापासून तिथपर्यंत दगडी वाट होती. ओहोटीला उघडी पडायची, भरतीला पाण्याखाली जायची. वाटेच्या तोंडाशी भरतीच्या वेळा लिहिलेली पाटी होती आणि किल्ल्याच्या दारात गळ्यात शिट्टी अडकवलेला पहारेकरी. वेळ झाली की तो शिट्टी वाजवत सगळा किल्ला फिरायचा आणि माणसांना बाहेर हाकायचा.

ताई सगळ्यांच्या पुढं होती. तिच्या कमरेचं दुखणं फक्त घरकामाच्या वेळी जागं व्हायचं. पायऱ्या चढून ती समुद्राकडच्या बुरुजावर पोचली आणि तिथंच थांबली. खाली तटाच्या पायाशी लाटा फुटत होत्या. त्यापुढं हिरवं पाणी, त्यापुढं निळं, आणि अगदी टोकाला आभाळ कुठं सुरू होतं तेही कळू नये असा राखाडी पट्टा. दोन होड्या त्या पट्ट्यावर चिकटवल्यासारख्या उभ्या होत्या. "अरे, बघ तरी!" ती म्हणाली. काकांनी बघितलं, छान आहे म्हणाले, आणि तटाच्या दगडांतला चुना नखाने खरवडून बघू लागले.

गाइडने सगळ्यांना खालच्या टाक्यापाशी नेलं. चौकोनी, दगडात बांधलेलं, तीन पुरुष खोल टाकं. एका अंगाने खाली उतरणाऱ्या चाळीस पायऱ्या, भोवती लोखंडी कठडा. तळाला सुकलेला गाळ आणि दोन-चार रिकाम्या बाटल्या. गाइडने आवाज चढवला.

"मंडळी, शेकडो वर्षं सातशे माणसं या टाक्यातलं गोड पाणी प्यायली! चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधोमध गोड पाणी! समुद्राच्या पोटातून आलेला झरा! चमत्कारच म्हणायचा!"

सगळ्यांनी "वा" म्हटलं आणि फोटो काढले. काकांनी हात वर केला.

"झरा होता, मग पाणी गेलं कुठं?"

"झरा आटला, काका."

"आटला का?"

"आटतात झरे," गाइड म्हणाला. "चला मंडळी, पुढं तोफा बघू."

मंडळी तोफा बघायला गेली. काका गेले नाहीत. कठड्याखालून डोकं घालून ते टाक्याच्या काठावर पालथे पडले. ज्या गुडघ्यांना पलंगावरून उतरायला दोन मिनिटं लागत, त्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. काठाखाली वीतभर अंतरावर भिंतीत दगडी तोंड होतं. पलीकडे आणखी एक. दोन्हींच्या ओठांचा दगड झिजून गुळगुळीत झालेला, आणि खाली भिंतीवर पांढरे, जाड ओघळ. असे ओघळ काकांनी जन्मभर पाहिले होते. वर्षानुवर्षं एकाच जागेवरून पाणी पडत राहिलं की चुना असा साचतो.

झऱ्याचं पाणी खालून येतं. हे पाणी वरून पडत होतं.

वर काय होतं? वर मोठा चौक होता, दोन-तीनशे माणसं सहज मावतील एवढा. सगळीकडून सिमेंट घातलेला, सपाट आणि गरम. काकांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. पाणी जरा घुटमळलं आणि मधल्या एका भेगेकडे निघालं. भेगेत ते शिरलं आणि दिसेनासं झालं. काकांनी खिशात हात घातला. पेचकस होता. सुटीवर आलेला माणूस पेचकस कशाला घेऊन येतो, हे ताईने नंतर विचारलं, तेव्हा नाही. तेव्हा ती बुरुजावर होती आणि काका चौकात पालथे पडून सिमेंटला कान लावत होते. शिट्टी वाजली ती दोघांनीही ऐकली नाही.

ताई खाली आली तोवर दगडी वाटेवर घोटाभर पाणी चढलं होतं आणि सहलीची बस पलीकडे हॉर्न देत होती. पहारेकऱ्याने दोन्ही हात आडवे केले. "आता नाही जाता येणार. पाय सटकला तर तुम्हाला शोधायला मला जावं लागेल. पाच तास बसा आता इथं."

"पाच तास!" ताई भावाकडे वळली. "अरे, तुला घरातला उतार पुरला नाही म्हणून इथं आलास का?"

"ताई, त्या टाक्याचं काहीतरी गौडबंगाल आहे. इथं कुठंतरी पाणी मुरतंय."

"माझ्या डोक्यात मुरतंय," ताई म्हणाली.

पहारेकऱ्याची खोली दरवाजाच्या कमानीतच होती. एक बाकडं, एक स्टोव्ह, भिंतीला टांगलेला रेनकोट, खिडकीच्या जागी बंदुकीसाठी ठेवलेली अरुंद फट आणि फटीतून दिसणारा चार बोटं समुद्र. त्याने चहा ठेवला. माणूस पंचावन्नचा, बोलायला कुणी मिळत नसल्यामुळे बोलका. त्याचे वडीलही इथंच पहारेकरी होते. त्याचा जन्म याच कमानीखालचा.

"म्हणजे तुम्ही टाक्यातलं पाणी प्यायलाय?" काकांनी कप खाली ठेवला.

"नऊ-दहा वर्षांचा होईतो तेच पीत होतो की. मग कमी कमी होत गेलं. एक वर्ष पायऱ्या दिसल्या, पुढच्या वर्षी तळ. मग किनाऱ्यावरून डबे आणायला लागलो."

"त्या वर्षी इथं काही झालं होतं? बांधकाम, काही?"

पहारेकऱ्याने डोकं खाजवलं. "चौक केला तेव्हा. कोण मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी. आधी नुसते दगड होते, त्यांच्या फटींत पाय अडकायचा. त्या आधीचं वर्ष असेल नाहीतर नंतरचं." तो एकदम हसला. "त्या चौकापायी मी लहानपणी मार खाल्लाय. आभाळ भरून आलं की आई सगळ्यांना झाडू द्यायची. अख्खा चौक झाडून काढायचा, पालापाचोळा, पक्ष्यांची घाण, सगळं. मी म्हणायचो, पाऊस येऊन धुणारच आहे, मग झाडायचं कशाला? की बसली पाठीत."

काका उठून दारात गेले, चौकाकडे बघत उभे राहिले, मग पुन्हा येऊन बसले.

"ताई," ते म्हणाले, "माणूस चौक झाडतो तो पाय ठेवायला. पण पावसाआधी झाडतो तो पाणी प्यायला."

ताईने रागाने तोंड फिरवलं होतं, ते तिने परत वळवलं. "म्हणजे तो झरा..."

"झरा-बिरा काही नाही. अख्खा चौक म्हणजे एक छप्पर आहे, आडवं पडलेलं. त्याचं पाणी पन्हळीतून टाक्यात जायचं. यांनी वरून सिमेंट फासलं. आडातच नाही, तर पोहऱ्यात येणार कुठून?"

संध्याकाळी वाट उघडी पडली. दोघं ओल्या दगडांवरून हात धरून चालत किनाऱ्याला लागले आणि साधी बस धरून घरी आले. वाटेत ताई दोनदा "पाच तास!" म्हणाली, पण तिसऱ्यांदा म्हणाली ते असं, "पण मग भेगेत गेलेलं पाणी टाक्यात का नाही पडलं?"

तोच प्रश्न काकांना खात होता. सिमेंटने पन्हळीची तोंडं बंद झाली हे खरं. पण एक भेग पडली होती, तिच्यातून पाणी आत जात होतं, आणि काकांच्या कानांनी सांगितलं होतं की ते टाक्याकडे जात नाही. उलट दिशेला जातं. समुद्राकडे.

पुढच्या दोन महिन्यांत ते सहा वेळा किल्ल्यावर गेले. ताई भरतीच्या वेळा वहीत उतरवून घ्यायची आणि डबा बांधायची. तिथं ती बुरुजावर बसायची आणि काका सिमेंटवर पेचकसाची मूठ आपटत रांगायचे. जिथं आवाज पोकळ यायचा तिथं खडूची रेघ. हळूहळू रेघ लांबत गेली. भेगेपासून निघून ती टाक्याच्या रोखाने दहा पावलं जायची आणि मग काटकोनात वळून समुद्राकडच्या तटाला भिडायची. फोटो काढणारी माणसं रेघ ओलांडून जायची. एकाने विचारलं, "काका, हा कुठला खेळ?"

सातव्या वेळी काकांनी खात्री करून घ्यायचं ठरवलं. गळती पकडायची जुनी युक्ती होती: पाण्यात कपड्यांची नीळ कालवायची आणि निळं पाणी कुठं निघतं ते बघायचं. पहारेकऱ्याने चार बादल्या पाणी दिलं. काकांनी नीळ जरा सढळ हाताने घातली. पाणी भेगेत ओतून ते टाक्याच्या काठावर जाऊन पडले. अर्धा तास गेला, टाक्यात थेंब नाही. तेवढ्यात बुरुजावरून ताईचा आवाज आला.

"अरे ए! वर ये! लवकर!"

समुद्राकडच्या तटावर, पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर, एका चिरेतून निळी धार लागली होती. राखाडी दगडांवरून ती लांबच लांब खाली ओघळत होती. बाजूने जाणाऱ्या पर्यटकांच्या बोटीतले सगळे लोक उठून फोटो काढत होते आणि बोट एका बाजूला कलली होती.

पहारेकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, माझी नोकरी!"

"एका सरीत धुऊन जाईल," काका म्हणाले. पण ते त्या धारेकडे असे बघत होते की त्यांना कुणाच्या नोकरीचं भान असावं असं वाटत नव्हतं.

सर आली नाही. फोटो मात्र सगळीकडे गेले. आठवड्याने जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याचं पत्र घरी आलं: ऐतिहासिक वास्तू विद्रूप केल्याबद्दल खुलासा करावा, अमुक तारखेला किल्ल्यावर हजर राहावं. ताईने ते दोनदा वाचलं. "पस्तीस वर्षं कचेरीत काढली, पण माझ्या घरी कधी असं पत्र आलं नव्हतं."

"ताई, ती पन्हळ समुद्राकडं का नेली असेल?"

"पत्र ऐकलंस का तू?"

"ऐकलं. ज्यांनी सातशे माणसांना पाणी पुरवलं ते वेडे नव्हते. इतकी मेहनत करून पाणी समुद्रात ओतायचं?"

ताई रागारागाने स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी त्यांनी पिण्याच्या पाण्याचं नवं फिल्टर आणलं होतं. ते भरून ठेवलेलं होतं. तिने तोटी सोडली आणि सगळं पाणी मोरीत वाहू दिलं.

"हे काय? भरलेलं ओतून का देतेस?" काका दारातून म्हणाले.

"पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं. आत धूळ असते, बुकणी असते. दुसरं प्यायचं. खोक्यावर लिहिलंय..."

ती बोलता बोलता थांबली, कारण तिचा भाऊ दाराच्या चौकटीला टेकून खाली बसत होता.

"काय झालं? गुडघा का?"

"पहिलं पाणी," काका म्हणाले. "ताई, पहिल्या पावसाचं पाणी! चौक कितीही झाडला तरी धूळ राहणारच. ते आधी समुद्रात सोडायचं. चौक धुऊन निघाला की मग पन्हळ फिरवायची टाक्याकडं. जिथं ती काटकोनात वळते, तिथं काहीतरी फिरवायचं असणार! आणि सिमेंट घातलं तेव्हा ते समुद्राकडं फिरलेलं राहिलं असणार."

ताई तोटी बंद करायला विसरली. पुढं आयुष्यभर, हा शोध कुणी लावला असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मी. हा फक्त जमिनीवर लोळत होता."

खात्याकडून आली ती तिशी उलटलेली इंजिनिअर. सगळे तिला मॅडम म्हणत होते. हातात फाईल, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर ऊन आणि वैताग. निळा डाग तोवर फिका झाला होता, पण होता.

"हे तुम्ही केलंत?"

"हो," काका म्हणाले. "मॅडम, एक विचारू? या चौकात पाऊस पडला की पाणी कुठं जातं?"

"प्रश्न मी विचारतेय."

"विचारा की. पण तुमच्या नकाशात बघून तेवढं सांगा."

मॅडमने फाईल उघडली ती त्यांना गप्प करायला. पान उलटलं, आणखी एक उलटलं. नकाशात चौक होता, टाकं होतं, तोफांचे चौथरे होते. पाण्याची एकही रेघ नव्हती. तिने टोपी मागं सारली. "नाही दाखवलेलं," ती म्हणाली, आणि आवाज जरासा बदलला.

मग काकांनी तिला टाक्याकाठचे पांढरे ओघळ दाखवले. खडूच्या रेघेवरून चालवत नेलं. वळणाच्या जागी ते थांबले आणि पेचकस पुढं केला. "ऐका." मॅडमने इकडे तिकडे बघितलं, टोपी काढली आणि गुडघ्यांवर बसून कान लावला. पहारेकऱ्याने भेगेत बादली ओतली, या वेळी साध्या पाण्याची. कितीतरी वेळ ती तशीच वाकून होती.

"डावीकडे जातंय," ती हळूच म्हणाली.

"आणि उजवीकडं?"

"उजवीकडे आवाज नाही. पण... पोकळ आहे."

"तेच तर!"

खुलासा लिहून द्यावाच लागला; तो ताईने कचेरीच्या भाषेत असा लिहिला की वाचणाऱ्यानेच उलट माफी मागावी. काकांना ताकीद मिळाली. आणि मॅडमने वर अर्ज पाठवला की चौकाचं दोन हात बाय दोन हात सिमेंट उचलून पाहण्याची परवानगी मिळावी. परवानगी यायला पाच महिने लागले. मधे वरून विचारणा झाली की हे मत कुठल्या तज्ज्ञाचं. मॅडमने लिहिलं, गळतीतज्ज्ञ. कुणी पुढं विचारलं नाही.

सिमेंट उचललं त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. दोन गवंडी आले होते. सिमेंटचा थर चार बोटं, त्याखाली वाळू, वाळूखाली दगडी फरशी. फरशीचा एक चिरा बाकीच्यांपेक्षा लहान होता. तो उचलला तर खाली दगडात कोरलेली चौकोनी कुंडी, तिच्यातून दोन वाटा फुटलेल्या: एक समुद्राकडे, मोकळी, एक टाक्याकडे, आणि तिच्या तोंडात घट्ट बसवलेलं दगडी बूच. बुचाला लोखंडी कडी होती, गंजून काडीएवढी झालेली.

गवंड्याने पहार उचलली.

"ठेव ती!" काका एवढ्या जोरात ओरडले की पहार त्याच्या हातातून सुटली. ते कुंडीशेजारी पालथे झाले. बुचाच्या कडेकडेने त्यांनी तेल सोडलं आणि लाकडी हातोडीने टकटक करायला लागले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पुन्हा तेल. पुन्हा टकटक. तास झाला. गवंडी सावलीत जाऊन झोपले. मॅडमने घड्याळात बघितलं, मग भरतीची पाटी आठवून पुन्हा बघितलं.

"एवढ्या वेळात आम्ही चार बुचं काढली असती," एक गवंडी म्हणाला.

"काढली असतीत रे. तुकड्यांत," काका म्हणाले.

दीड तासाने बूच केसभर हललं. काकांनी कडीला हात लावलाच नाही. दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी ते बाळाचं डोकं फिरवावं तसं फिरवलं, बाहेर घेतलं आणि समुद्राकडच्या वाटेच्या तोंडात बसवलं. ते तिथं चपखल बसलं. दोन्ही तोंडं एकाच मापाची होती. ज्याने ती घडवली त्याला बूच एकच पुरलं होतं.

"ओता," काका म्हणाले आणि जमेल तेवढ्या वेगाने टाक्याकडे निघाले.

मॅडमने स्वतः बादली ओतली. दुसरी, तिसरी. पहारेकरी पाणी आणत होता, गवंडी जागे होऊन रांगेत लागले होते. काका टाक्याच्या काठावर आणि ताई त्यांच्या शेजारी कठडा धरून उभी. दगडी तोंड कोरडंच होतं. दहा बादल्या झाल्या, बारा झाल्या.

"पालथ्या घड्यावर पाणी की काय?" ताई पुटपुटली.

"थांब. पंचेचाळीस वर्षांची धूळ आहे. ती आधी पिणार."

तोंडातून भुर्रकन माती उडाली. मग वाळलेली पानं, कोळ्याचं जाळं, आणि त्या जाळ्यापाठोपाठ एक भला मोठा, प्रचंड नाराज कोळी. तो भिंतीवरून तरातरा निघून गेला. मग दगडाचा ओठ काळा पडला, ओला झाला, आणि त्यावरून दोऱ्याएवढी धार खाली पडली. टाकं खोल होतं; आवाज यायला एक क्षण लागला.

मॅडम धावत आली. पहारेकरी रिकामी बादली घेऊन उभा होता. "आई असती तर," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा पाणी आणायला गेला.

पुढं जे झालं ते एकदम गोड झालं असं नाही. चौकाचं सिमेंट सगळं काढायला वरून मंजुरी मिळाली नाही. पन्हळीची चौकातली चार तोंडं तेवढी उघडायची परवानगी आली. पावसात टाकं भरलं ते खालून चौदाव्या पायरीपर्यंत. मॅडमने पाणी तपासायला पाठवलं आणि अहवाल येईपर्यंत कुणी पिऊ नये असं बजावलं. काकांनी अर्थातच ओंजळभर प्यायलं. चव कशी म्हणून ताईने विचारलं तर म्हणाले, "चुन्याची. आणि जराशी पानांची." अहवाल आला त्यात लिहिलं होतं, पाणी गोडं, गाळून-उकळून पिण्याजोगं. गाइडने आपलं भाषण सुधारलं. आता तो सांगतो की झरा पुन्हा जिवंत झाला. काकांनी त्याला दोनदा समजावलं. तो म्हणाला, "काका, तुमचं खरं आहे, पण पन्हळीला कुणी वा म्हणत नाही."

पाणी चौदाव्या पायरीवर राहिलं मात्र नाही. दर आठवड्याला एकेक पायरी उतरत गेलं. उन्हाने एवढं पाणी उडत नाही, हे काकांनी आणि मॅडमने दोघांनीही वेगवेगळं मोजून काढलं होतं आणि दोघांचे आकडे जुळले होते. मॅडमने फोन केला. खात्याच्या आणखी दोन किल्ल्यांवर अशीच कोरडी टाकी आहेत, ती बघायला काका येतील का? आणि त्याआधी या टाक्याचं सगळं काम कागदावर हवंय: पाणी कसं येतं, कुठं वळतं, कुठं जातंय.

काकांनी जन्मात खडूच्या फुलीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. म्हणून जेवणाच्या टेबलावर ताई लिहायला बसली आणि काका खोलीत येरझाऱ्या घालत सांगू लागले. चार संध्याकाळी गेल्या. "कुंडी" लिहायचं की "हौद" यावर दोघांचं एकदा चांगलंच वाजलं, आणि नकाशात समुद्र कुठल्या बाजूला यावर दुसऱ्यांदा. शेवटी सहा पानं आणि एक नकाशा रवाना झाला. आठ दिवसांनी मॅडमचं उत्तर आलं. तिने कौतुक केलं होतं आणि खाली तीन शंका लिहिल्या होत्या. पाणी तळातून जातं की भिंतीतून? खालच्या पायऱ्यांचा दगड वेगळा का? आणि टाक्याच्या कोपऱ्यात, काठाखाली, जो हातभर खड्डा कोरलाय, तो कशासाठी असावा?

"खड्डा?" काका म्हणाले. "कुठला खड्डा? मी बघितला कसा नाही?"

ताईने चष्मा पुसला, भरतीच्या वेळांची वही काढली आणि पानावरून बोट फिरवलं. "परवा सकाळी नऊला वाट उघडतेय," ती म्हणाली. "डब्यात काय घेऊ?"